ऑपेरा हाऊसच्या भिंतीवरची घोडेस्वारीण

१६ जानेवारी

सकाळीच लिंडाचा फोन. "सुमन, तुला कागदातलं कळतं ना? लगेच ये." गावाच्या इतिहास सोसायटीत मी नऊ वर्षं दर मंगळवारी जाते, जुने फोटो पुसून पाकिटांत घालते. तेवढ्यावरून मला कागदातलं कळतं असं तिने ठरवलंय. कळतंच म्हणा. लिंडा पंचाहत्तरीची, सोसायटीची सर्वेसर्वा. तिला नाही म्हणणारा अजून या राज्यात जन्मला नाही.

गाव शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलहून पश्चिमेला तासभर. रस्त्यावर बर्फ, म्हणून ड्राइव्ह डॉ.नी केलं. आमचे हे भूलतज्ज्ञ होते. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली तरी समोरच्या माणसाने निपचित पडून राहावं अशी यांची अपेक्षा असते. वाटेत तीनदा म्हणाले, "शिडीवर चढायचं नाही."

जुनं ऑपेरा हाऊस. ऑपेरा तिथे कधी झाला असेल असं वाटत नाही. खाली दुकान, वर नाटकाचा हॉल. पूर्वी इकडे गावोगावी असे हॉल असायचे आणि सगळ्यांचं नाव ऑपेरा हाऊस. आता दुरुस्ती चालू आहे. स्टेजच्या बाजूच्या बोळात भिंतीवर लाकडी फळ्या ठोकलेल्या होत्या. त्या काढल्या, आणि मागे ती.

पांढऱ्या घोड्यावर बाई. तुटलेल्या पुलावरून उडी. खाली नदी, मागे जळती गिरणी. माझ्याहून चांगली दोन वीत उंच. फळ्यांमागे ऊन नाही, वारा नाही, त्यामुळे रंग काल छापल्यासारखे. नाटकाचं पोस्टर. शंभराच्या वर वर्षं त्या अंधारात उडी मारून राहिली आहे.

चष्मा दोनदा पुसून बघितलं.

वाईट बातमी कंत्राटदार डेव्हने दिली. भिंतीतली तुळई सडली आहे. १० फेब्रुवारीला भिंत पाडणार. तारीख हलणार नाही.

१८ जानेवारी

पुन्हा ऑ. हा. मापं घेतली. तीन ताव मिळून एक चित्र. वरच्या तावावर आग आणि बाईचं डोकं, मधल्यावर घोडा, खालच्यावर पूल आणि पाणी. भिंगातून बघितलं. बाईचा गाल म्हणजे नुसते ठिपके, हाताने काढलेले, एकेक. ओठांचा लाल रंग केसभर डावीकडे सरकलाय. छापणाऱ्याचा एक कागद हलला असणार. त्याला मालक बोलला असेल की नसेल, देव जाणे.

तळाला वेगळी पट्टी चिकटवलेली. शुक्रवार, एकच प्रयोग, या गावाचं नाव. वर्ष नाही. त्यांना पुढच्या शुक्रवारपुरतं हवं होतं, आमचा विचार कोण करणार. चित्र मोठ्या शहरात हजारांनी छापायचं, कंपनी जिथे जाईल तिथे खाली त्या गावाची पट्टी. सांगलीत अण्णांच्या छापखान्यात हेच चालायचं. मी दहा वर्षांची असताना पट्ट्या कापल्या आहेत, सरळ, फूटपट्टीशिवाय.

लिंडा शेजारी उभी होती. मला वाटलं, तिला हे सांगावं. सांगितलं नाही.

२१ जानेवारी

लिंडाच्या लॅपटॉपवर एमिलीशी बोलणं. एमिली शिकागोत जुना कागद दुरुस्त करणाऱ्या लॅबमध्ये आहे. चाळिशीची, हळू बोलणारी. म्हणाली, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मला येता येणार नाही. कोणी शिकलेलं माणूस नसेल तर फोटो काढा आणि भिंत जाऊ द्या, उगाच फाडू नका.

लिंडा ताठ बसून म्हणाली, "आमच्याकडे सुमन आहे. तिचे वडील इंडियात पब्लिशर होते."

हे तिला मीच सांगितलं होतं, पहिल्याच मंगळवारी.

रोजनिशीत तरी खरं लिहावं. अण्णा प्रकाशक नव्हते. पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन, एक खोली. नाटक कंपन्यांची हॅंडबिलं आणि पोस्टरं छापायचे आणि स्वतःच भिंतींवर चिकटवायला जायचे. माणूस ठेवायला परवडत नव्हतं हे एक, आणि दुसऱ्याने चिकटवलेलं त्यांना पसंत पडत नसे हे दुसरं. सुटीत खळीची बादली माझ्याकडे. मैदा पाण्यात कालवायचा, मंद आचेवर ढवळायचा, गुठळी झाली तर अण्णा नुसते बघायचे. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी नातेवाइकांत "व्याही प्रकाशक आहेत" असं पसरवलं. डॉक्टर मुलाला पोस्टरवाल्याची मुलगी कशी सांगणार. मी तेव्हा बोलले नाही. मग अमेरिकेत आले आणि इथेही तेच सांगू लागले, कोणी विचारलं नसतानाही.

एमिलीला म्हटलं, मला येईल. तिने तासभर प्रश्न विचारले. रंग ओला करून पाहिलास का, पाणी किती गरम, किती वेळ. सगळ्याची उत्तरं दिली. शेवटी म्हणाली, "ठीक आहे. मी पातळ जपानी कागद पाठवते. आधी तो वरून लाव, म्हणजे चित्राला आधार राहील. आणि रोज मला फोटो."

रात्रीच्या जेवणाला डॉ.ना सांगितलं. "शिडी?" एवढंच विचारलं. दोनच पायऱ्या, म्हटलं.

२५ जानेवारी

कापसाच्या ओल्या बोळ्याने प्रत्येक रंग तपासला. लाल पक्का. काळा पक्का. निळा किंचित सुटतो, त्याला जपायचं. कडेला पाणी लावलं, वीस मिनिटांनी वास आला. आंबूस. खळच. गव्हाची. डेव्ह शेजारून जात होता, नाक मुरडून म्हणाला, काय सडलंय. मी म्हटलं, काही नाही सडलं, खळ जिवंत होतेय.

जुनी सुती पातळं काढली, बॅगेच्या तळाशी ठेवलेली. लिंडा ब्लॉटिंग पेपर आणणार होती, पण धुऊन धुऊन मऊ झालेल्या पातळाइतकं सारखं पाणी कशातच धरत नाही. फाडताना थोडं जिवावर आलं. सासूबाईंनी दिलेलं आधी फाडलं.

१ फेब्रुवारी

शॉमबर्गला अनघाकडे हळदीकुंकू. अनघा पुण्याची, आयटीतली, लाघवी मुलगी. पंचवीस बायका, शिवाय ड्राइव्ह करून आणणारे नवरे बेसमेंटमध्ये. पोस्टरची बातमी तिथे आधीच पोचलेली.

अनघा तिळगूळ देता देता म्हणाली, "काकू, सो कूल यार. तुमचे फादर पब्लिशर होते ना? कुठलं पब्लिशिंग हाऊस?"

डॉ. जिन्यातून वर येत होते, चहाला. तिथूनच म्हणाले, "सांगलीतलं मोठं नाव होतं."

बायका "हो का" म्हणाल्या. मी तिळगूळ तोंडात टाकला आणि चहा ओतायला उठले.

गाडीत मी: "मोठं नाव कशाला म्हणालात?"

ते: "अगं, मग काय म्हणायला हवं होतं? चाळीस वर्षं तूच सांगतेयस."

मी: "तुमच्या आई असताना ठीक होतं. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली."

बरोबर त्यांचंच होतं, त्यामुळे जास्त राग आला. घरापर्यंत वायपरचा आवाज.

४ फेब्रुवारी

सुरुवात. जपानी कागद काल लावून वाळवला होता. आज वरच्या तावावर ओली पातळं, त्यावर प्लॅस्टिक, चाळीस मिनिटं. मग बांबूची चपटी पट्टी वरच्या कडेत सरकवली आणि कागद सुटला. लिंडाने श्वास रोखून धरला होता, तो सोडला.

हळूहळू खाली, जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळत. आग आली, धूर आला, बाईचं कपाळ आलं. अर्धा ताव. मनगट भरून आलं म्हणून थांबले. उरलेलं ओलं झाकून ठेवलं.

डेव्ह काम सोडून बघत उभा. "मॅम, हे कुठे शिकलात?" म्हटलं, घरी.

बाहत्तराव्या वर्षी आज मला स्वतःचा हेवा वाटला. लिहून टाकते, इथे वाचणारं कोण आहे.

५ फेब्रुवारी

फाटलं.

घोड्याच्या नाकपुडीपासून कानापर्यंत, वीतभर. माझ्या हातून.

कसं झालं ते नीट लिहिते. पोस्टर चिकटवताना अण्णा खालचा ताव आधी लावायचे, मग वरचा, आणि वरच्याची कड खालच्यावर दोन बोटं चढवायचे. कौलं चढवतात तशी, म्हणजे पावसाचं पाणी वरून निघून जातं. उलटं लावलंय असं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. म्हणून काढताना मी वरून सुरुवात केली, वरचा ताव मोकळा असणार हे धरून चालले. इथे पोस्टर बोळात, छपराखाली. पाऊस कुठला येणार. त्या माणसाने वरचा ताव आधी लावला होता आणि मधल्याची कड त्याच्यावर चढवली होती. मी वरचा ओढला, त्याबरोबर मधला ओढला गेला, आणि घोड्याचं तोंड गेलं.

कड चाचपून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. चाचपली नाही. मला माहीत होतं ना.

लिंडाने पाठीवर हात ठेवला. मी तो झटकला, ते बरं केलं नाही.

६ फेब्रुवारी

झोप नाही. सकाळी सात वाजता डॉ.नी चहा करून दिला, तेही न विचारता. म्हणाले, "चाळीस वर्षांत माझ्याही हातून दोनदा श्वासाची ट्यूब चुकीच्या जागी गेली. लगेच सांगितलं, म्हणून दोघं वाचले. एमिलीला फोन कर."

केला, लिंडाच्या ऑफिसातून. लिंडा समोर बसलेली. फाटल्याचा फोटो पाठवला. एमिली रागावली नाही, पण विचारलं, "वरून का सुरुवात केलीस?"

आता याचं उत्तर प्रकाशकाच्या मुलीला देता येत नव्हतं. काय सांगणार, माझ्या वडिलांच्या प्रकाशनसंस्थेत ताव असे चढवायचे?

म्हणून सांगितलं. माझे वडील प्रकाशक नव्हते. नाटकाची पोस्टरं छापायचे आणि भिंतींवर चिकटवायचे, मी बादली धरायची. ते खालून वर लावायचे, म्हणून मी वरून खाली काढलं. आमच्याकडे पाऊस असतो.

लिंडा बघत राहिली. एमिली म्हणाली, "मी वीस वर्षं पोस्टरं भिंतीवरून काढतेय. ज्याने लावलीत असा एकही माणूस मला कधी भेटला नाही. तू सगळं सांग. ब्रश केवढा होता, कुठून सुरू करायचे."

पाऊण तास सांगत होते. रुंद ब्रश, नारळाच्या काथ्याचा. आधी भिंतीला खळ, मग कागदाला वरून. मधून कडांकडे, वारा बाहेर काढत. हातवारे करताना लिंडाच्या पेनांचा डबा उपडा झाला. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "नऊ वर्षं तू मला हे सांगितलं नाहीस." दुखावली होती. सॉरी म्हटलं, आणि कालच्या हात झटकण्याबद्दलही.

अण्णांना जाऊन एकतीस वर्षं झाली. पहिल्यांदा त्यांच्याबद्दल एवढं बोलले. घसा बसलाय आणि अंगात ताप आल्यासारखा अभिमान आहे.

८ फेब्रुवारी

तिन्ही ताव निघाले. आता प्रत्येक कड आधी बोटाने चाचपली. खालचा पुलाचा ताव तर अख्खा एका दमात. डेव्हने शिडी धरली आणि त्याच्या माणसांना आवाज बंद करायला लावला.

एक गोष्ट. मधला ताव एकटा निघाला नाही. त्याच्या खाली आणखी एक जाड कागद आहे, आधीच्या कुठल्या तरी नाटकाचा, आणि तो याला घट्ट चिकटून भिंतीवरून बरोबर आलाय. फक्त फाटलेल्या जागेतून दिसतो. चित्र नाही, नुसती अक्षरं, लाकडी ठशांची, जाड. 'लेडीज ऑफ' एवढं वाचता येतं. त्याखाली 'मिसेस', पुढे घोडा.

१० फेब्रुवारी

भिंत पाडली. बघायला गेले. दहा मिनिटांत धूळ. डॉ. म्हणाले, "बघ, आणि तू तीन आठवडे लावलेस." हसू आलं.

१५ फेब्रुवारी

ट्रेनने शिकागो, एमिलीच्या लॅबमध्ये. लांब टेबलावर तिन्ही ताव पसरलेले. प्रत्यक्षात एमिली माझ्या खांद्याला लागते. तिने दोन शिकाऊ मुलींना बोलावलं आणि ओळख करून दिली: "ही सुमन. हिच्या वडिलांनी पोस्टरं लावली आहेत." डॉ. शेजारी होते. घसा खाकरून म्हणाले, "सांगलीत. त्यांनी लावलेलं पोस्टर मी स्वतः पाहिलंय, एक सुरकुती नाही." यांनी कधी पाहिलं, मला माहीत नव्हतं. परतीच्या ट्रेनमध्ये विचारलं. लग्नाआधी मुलगी कोण ते बघायला गुपचूप सांगलीला येऊन गेले होते. बाजारपेठेत अण्णांना काम करताना उभं राहून बघितलं, आणि आईला यातलं काही बोलले नाहीत. पन्नास वर्षं पोटात ठेवलं या माणसाने.

"मग प्रकाशक प्रकाशक काय करत होतात?"

"तू सांगायचीस तेच सांगायचो."

२२ फेब्रुवारी

कमिटीची मीटिंग. गावाला बाईसाहेबांचं वेड लागलंय. बेकरीत केकवर घोडा, शाळेत मुलांनी रंगवलेले घोडे, टी-शर्टही निघाले. ऑ. हा. उघडेल तेव्हा ती दारातच हवी सगळ्यांना.

मग एमिलीचा रिपोर्ट वाचला. फाटलेली जागा भरून घेता येईल, लांबून दिसणार नाही. खालच्या कागदाचं मात्र ठरवायला हवं. दोन कागद वेगळे करता येतील. वरचा शाबूत राहील अशी हमी नाही. घोड्याच्या अंगावर शाईचे थर जाड आहेत, तिथेच खळही जाड. वेगळे केले नाहीत तर खालचा कायमचा झाकलेला राहील.

एक गृहस्थ म्हणाले, कशाला. चित्र सुंदर आहे, खाली नुसती अक्षरं.

लिंडा उठली. तिला मी नेहमी बसूनच बोलताना पाहिलं आहे. म्हणाली, ही घोड्यावरची बाई रेल्वेने आली, एक शुक्रवार राहिली आणि गेली. शंभर गावांच्या भिंतींवर हीच होती. खाली 'लेडीज ऑफ' लिहिलंय, पुढे आपल्या गावाचं नाव असणार. आपल्या बायकांनी केलेलं नाटक. त्यांची एक ओळसुद्धा आपल्या कपाटात नाही. मी तीस वर्षं शोधतेय.

दोन तास वाद. मतं अर्धी अर्धी. शेवटी ठराव: निर्णय लॅबवर सोडावा. संध्याकाळी एमिलीचा फोन. "माझ्याकडे हे काम करणारे हात दोनच, एक माझा आणि एक तुझा. खळ मऊ झाली की नाही हे तुला माझ्या आधी कळतं. आधी हाताच्या पंजाएवढा तुकडा करून बघू. मग तू ठरव."

२८ फेब्रुवारी

लॅब. मधल्या तावाचा खालचा उजवा कोपरा, जिथे चित्रात नुसतं गवत आहे. एमिलीने वाफेची बारीक नळी धरली, मी बांबूची पट्टी. वाफ कमी कर, म्हटलं. आता जास्त. आता थांब. तिने मान हलवून ऐकलं, प्रत्येक वेळी. कागद कण्हतो तो आवाज ओळखीचा होता. मग तो सुटला. गवत शाबूत, एक ठिपकाही गेला नाही.

खाली, काळ्या कुळकुळीत शाईत: मिस एडा, आडनावाची पहिली तीन अक्षरं, आणि समोर भूमिका, 'म्हातारा न्यायाधीश'. म्हणजे एडाबाई मिशा लावून उभी राहिली. आमच्याकडे पुरुष शालू नेसून पदर सावरायचे, इकडे बायकांनी दाढीमिशा चिकटवल्या. मी मोठ्याने हसले, एमिलीला का ते सांगितलं, मग तीही हसली. लिंडाला फोटो पाठवला. तिचा उलट मेसेज नुसता एक शब्द, 'एडा'.

एमिलीने हातमोजे काढले. "मग? करतेस?"

म्हटलं, सोमवारी सांगते.

गवताखालचं निघालं. घोड्याखालचं तसंच निघेल असं नाही. फसलं तर गावाची लाडकी जाईल, आणि या वेळी कड चाचपली नाही म्हणून नव्हे, तर सगळं नीट करूनही जाईल. नाही केलं तर एडाच्या वरच्या सगळ्या जणी घोड्याखाली. डॉ. म्हणाले, "मी सांगणार नाही. मी फक्त ड्राइव्ह करीन."

आज सकाळपर्यंत सोपं होतं. मला जमणार नाही म्हटलं असतं की संपलं, कोणी नाव ठेवलं नसतं. आता जमतं हे मला कळलं, एमिलीलाही. बाहत्तर वर्षांत कोणी माझ्या हातावर असं काही सोडलं नव्हतं, आणि छाती भरून येते, आणि त्याच छातीत धडधडतं. फोन सोमवारी नऊ वाजता करायचाय. 'करते' आणि 'करत नाही', दोन्ही वाक्यं इंग्रजीत मनात म्हणून पाहिली. दोन्ही माझ्या आवाजात नीट येतात.